भिंत, रंग आणि परवानगी : वाचकांचे प्रश्न

पाऊस उघडला की पुण्यात भिंती रंगवण्याचा हंगाम सुरू होतो. त्यामुळे या महिन्यातले बहुतेक प्रश्न भित्तिचित्रं, स्प्रे आणि स्टेन्सिल (कापलेल्या साच्यातून उमटवायची चित्रं-अक्षरं) यांबद्दलचे आहेत.

प्रश्न : सोसायटीच्या कंपाउंड वॉलवर मुलांनी रस्त्याच्या बाजूने झाडं-पक्ष्यांचं मोठं चित्र काढलं होतं. एका पावसाळ्यातच खालच्या दीड फुटाला पोपडे धरले आणि रंग गळून पडला. रंग बाहेरच्या भिंतीचाच, चांगल्या प्रतीचा होता. भिंत ६० फूट लांब, ६ फूट उंच. पुन्हा रंगवताना काय बदलावं? (कोथरूड)

उत्तर : यात रंगाचा दोष नाही. पोपडे फक्त खालीच आले, म्हणजे ओल जमिनीतून चढते आहे. कंपाउंड वॉलच्या जोत्यात ओल अडवणारा थर सहसा घातलेला नसतो. शिवाय कोथरूडसारख्या उताराच्या भागात भिंतीच्या आतल्या अंगाला बागेची माती टेकवलेली असते. ती पावसाचं पाणी धरून ठेवते. हे पाणी विटांमधले आणि सिमेंटमधले क्षार विरघळवत बाहेरच्या अंगाला येतं, रंगाच्या थरामागे सुकतं आणि तिथे क्षारांचे स्फटिक होतात. यालाच आपण लोणा म्हणतो. स्फटिक वाढताना रंगाला मागून ढकलतात. म्हणून वरून रंगाचे थर वाढवून काहीच साधत नाही, उलट पोपडे जाड निघतात.

आधी आतली माती भिंतीपासून हटवा, किंवा निदान तिची पातळी खाली आणा. भिंत माती अडवूनच उभी असेल, तर दर पाच-सहा फुटांवर २ इंची पाइपाची भोकं आहेत का आणि ती तुंबली आहेत का ते पाहा. भिंतीचा माथाही तपासा. माथ्यावर उतार दिलेली टोपी नसेल, तर पाणी वरूनही मुरतं आणि चित्रावर काळे ओघळ उमटतात.

मग ओल तपासा. फूटभर चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही कडांना टेप लावून भिंतीवर २४ तास चिकटवा. आतून थेंब जमले, तर भिंत अजून तयार नाही. नोव्हेंबर उजाडेपर्यंत थांबावं लागलं तरी थांबा. लोणा तारेच्या ब्रशने कोरडाच झाडून काढा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. भिंत बोटांनी ठोकत जा आणि पोकळ आवाज येईल तिथलं प्लॅस्टर काढून नवं करा. नव्या प्लॅस्टरवर २८ दिवस रंग लावू नका. ताजं सिमेंट अतिशय अल्कधर्मी असतं, त्यावर काही रंग करपतात आणि प्रायमरही (रंगाआधीचा पहिला थर) नीट धरत नाही.

माती हटवणं शक्यच नसेल, तर खालचे दोन फूट चित्रातून वगळा. तिथे ओल बाहेर पडू देणारा सिमेंट पेंट गडद छटेत लावा आणि चित्राची जमीन त्याच्या वर सुरू करा. पावसात उडणारा चिखल आणि पानाच्या पिचकाऱ्या याच पट्ट्यावर पडतात, दरवर्षी तेवढाच भाग नवा करता येतो. पिचकाऱ्या थांबाव्यात म्हणून तिथे देवांची चित्रं काढण्याची रीत आहे, ती मात्र टाळावी. थुंकणारा थुंकतोच, आणि चित्रकारावर नको तो ठपका येतो.

तुमचं क्षेत्रफळ ३६० चौरस फूट. बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एका हातासाठी साधारण ४ लिटर लागेल. एक्स्टीरियर इमल्शन, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, लिटरला सुमारे ५० चौरस फूट दोन हात जातं, म्हणजे पार्श्वभूमीला ७ ते ८ लिटर. भिंत खरखरीत असेल तर दीडपट धरा. चित्रासाठी पाच-सहा रंगांचे लिटरचे डबे पुरतात. पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनरच्या बाटल्या ओतून सगळे रंग बनवण्याचा मोह होईल, पण स्टेनरमधले भडक लाल, जांभळे आणि पिवळे दोन उन्हाळ्यांत उडतात. दुकानात मशीनवर बनवलेली बाहेरची छटा घ्या आणि जिथे चालेल तिथे गेरूच्या किंवा पिवडीच्या जातीचे, म्हणजे ऑक्साइडचे रंग वापरा. ते टिकतात.

पश्चिमेची भिंत सकाळी रंगवा, पूर्वेची दुपारनंतर. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि जोड दिसतात. डिसेंबरात भिंतीवरचं दव सुकल्याशिवाय डबा उघडू नका.

प्रश्न : नाना पेठेतून गाड्यांच्या रंगाचे स्प्रे कॅन आणले. सिमेंटच्या भिंतीवर रंग ओघळतो, रेघ जाड येते आणि दुसरा हात दिल्यावर सुरकुत्या पडतात. (हडपसर)

उत्तर : गाडीचा कॅन पत्र्यासाठी बनवलेला असतो. रंग पातळ, दाब जास्त आणि नोझल एकच. ग्राफिटीच्या, म्हणजे भिंतीवरच्या स्प्रे-चित्रांसाठीच्या, कॅनमध्ये दाब कमी आणि रंग दाट असतो, शिवाय बारीक रेघेची आणि रुंद फवाऱ्याची कॅप बदलता येते. या कॅप गाडीच्या कॅनवर बहुतेक वेळा बसत नाहीत, म्हणून दोन्ही एकत्र विकत घेण्याआधी दुकानातच बसवून बघा.

गाडीच्या कॅनवरही बरंच काम होतं. भिंतीला आधी प्रायमर आणि इमल्शनचा एक हात द्या आणि तो दिवसभर सुकू द्या. उघडं सिमेंट रंग पिऊन टाकतं. ४०० मिलीच्या एका कॅनमध्ये जेमतेम १५ ते २० चौरस फूट झाकतात. म्हणून मोठे भाग रोलरने भरा आणि स्प्रे कडा, छटा, रेघा यांसाठी राखा. आतली गोळी सुटून खळखळू लागल्यावर पुढे दोन मिनिटं कॅन हलवा. हात आधी हलता करा, मग नोझल दाबा, आणि हात थांबण्याआधी बोट सोडा. ओघळ सुरुवातीला आणि शेवटीच येतात, कारण तिथे हात क्षणभर थबकतो. बारीक रेघेसाठी भिंतीच्या जवळून आणि झपाट्याने फिरवा, मऊ छटेसाठी वीतभर किंवा त्याहून दूर जा. काम संपलं की कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबा, नाहीतर नोझल तुंबते.

सुरकुत्यांचं कारण असं, की पहिला थर वरून सुकलेला आणि आतून ओला असताना दुसऱ्या थराचं थिनर त्याला फुगवतं. कॅनवर दोन वेळा छापलेल्या असतात : इतक्या वेळाच्या आत दुसरा हात द्या, किंवा इतक्या वेळानंतर द्या. मधल्या काळात दुसरा हात द्यायचा नाही.

मास्कच्या बाबतीत हयगय नको. कापडी मास्क किंवा एन-९५ रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज आणि त्यावर कणांचं फिल्टर असलेला, नाक-तोंड झाकणारा अर्धा रेस्पिरेटर घ्या. मास्कमधून वास येऊ लागला की कार्ट्रिज संपलं. आणि एप्रिल-मे महिन्यात कॅन बंद गाडीत ठेवू नका. ५० अंशांच्या वर कॅन फुटू शकतो, आणि उन्हातल्या गाडीत ते तापमान सहज गाठलं जातं.

प्रश्न : इंग्रजी ग्राफिटीच्या अक्षरांचे नमुने भरपूर मिळतात. देवनागरी स्टेन्सिल कापताना मात्र कागद लोंबतो आणि अक्षरांचे डोळे गळून पडतात. (सदाशिव पेठ)

उत्तर : कागद लोंबतो तो शिरोरेषेमुळे. अख्ख्या शब्दाची शिरोरेषा एका सलग फटीत कापली की खालच्या कागदाला आधारच राहत नाही. दर दोन-तीन इंचांवर ४ ते ५ मिलिमीटरचा पूल, म्हणजे न कापलेली पट्टी, सोडा आणि तो शक्यतो दोन अक्षरांच्या मध्ये ठेवा, म्हणजे ती जागा मुद्दाम सोडल्यासारखी दिसते. व, ब, भ, म, ळ यांच्या पोटातल्या बेटांना, म्हणजे तुम्ही म्हणता त्या डोळ्यांना, दोन-दोन पूल हवेत. एका पुलावर बेट फिरतं. रफार, मात्रा, वेलांट्या वर आणि उकार खाली जातात, म्हणून अक्षराच्या अंगाची उंची ३ फूट असेल तर वर १ फूट आणि खाली १ फूट मोकळी जागा धरूनच आखणी करा. रस्त्यापलीकडून, म्हणजे सुमारे ४० फुटांवरून वाचता यावं, तर अक्षराचं अंग ६ इंचांपेक्षा लहान नको. जोडाक्षरं असतील तर आणखी मोठं.

अप्पा बळवंत चौकात मिळणारा ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कार्ड कागद चार-पाच छापांना पुरतो. जास्त छाप हवे असतील तर ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) जाड, पारदर्शक प्लॅस्टिक शीट घ्या. आधी बारीक भाग कापा, मोठे भाग शेवटी, म्हणजे कागद शेवटपर्यंत ताठ राहतो. कडेखाली रंग पाझरत असेल, तर फवारा भिंतीला काटकोनात, फूटभरावरून, तीन हलक्या हातांत द्या. इमल्शन वापरत असाल तर स्पंज जवळजवळ कोरडा करून टिपा.

नमुन्यांसाठी दिल्लीच्या डाकूची कामं पाहा. हा निनावी कलाकार आपलं नाव देवनागरीत लिहीत आला. २०१६ मध्ये लोधी कॉलनीत त्याने भिंतीला काटकोनात अक्षरं बसवून त्यांच्या सावल्यांतून शब्द उमटवले. ती अक्षरं इंग्रजी होती, पण ती युक्ती देवनागरीत करून बघण्याजोगी आहे. आपल्या शिरोरेषेची सावली सलग पट्टा होऊन पडेल, त्यामुळे मांडणी वेगळी लागेल.

प्रश्न : इंग्लंडचा बँक्सी, मुंबईचा टायलर, सगळे विनापरवाना आणि नाव लपवून काम करतात. आम्ही पुलाच्या खांबांवर रात्री काम केलं तर काय होईल? (येरवडा)

उत्तर : महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा लागू आहे. लोकांच्या नजरेस पडणारी जागा विनापरवाना रंगवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चित्र सुंदर होतं, हा बचाव चालत नाही. शनिवारवाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस ही केंद्राची संरक्षित स्मारकं. तिथे प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. काळ्या दगडात मुरलेला स्प्रे पूर्ण निघतही नाही, दगडाचं नुकसान कायमचं होतं.

निनावी कलेची ताकद आम्ही नाकारत नाही. पॅरिसमध्ये ब्लेक ल रा या कलाकाराने १९८१ च्या सुमारास स्टेन्सिलचे उंदीर रस्त्यावर आणले नसते, तर आजची बरीचशी स्टेन्सिल कला दिसली नसती. पण धोका स्वतःचा स्वतः घ्यायचा असतो. बरोबर शाळकरी मुलं नेणं मुळीच योग्य नाही. महावितरणच्या डीपीवर, रेल्वेच्या हद्दीत आणि चालू रस्त्याच्या दुभाजकावर तर कुणीच काम करू नये. तिथे जीव जातो.

परवानगीचा रस्ता वाटतो तितका कठीण नाही. भिंत कुणाची आहे ते आधी शोधा. महापालिकेची असेल तर क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या, मेट्रोचा खांब असेल तर महामेट्रोकडे. अर्जासोबत भिंतीचा फोटो, त्यावर बसवलेलं रेखाचित्र, मापं, कामाचे दिवस आणि परांची कुठे उभी राहणार ते जोडा. प्रायोजकाचं बोधचिन्ह चित्रात आलं की ती जाहिरात समजली जाऊ शकते, मग महापालिकेच्या आकाशचिन्ह (जाहिरात फलक) विभागाचा परवाना लागतो. अनेक अर्ज इथेच अडतात. मिळालेल्या पत्राची प्रत कामाच्या वेळी खिशात ठेवा.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीवर काही तरुण कलाकार चित्र काढू इच्छितात. भिंत विटा, माती आणि चुन्याची आहे. हो म्हणावं का? (कसबा पेठ)

उत्तर : म्हणा, पण ॲक्रिलिक इमल्शनला आणि पुट्टीला नाही म्हणा. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वर प्लॅस्टिकसारखा थर बसला की ओल आत कोंडते, चुना भुसभुशीत होतो आणि गिलावा रंगासकट उतरतो. आत लाकडी खांब असतील तर तेही कुजतात.

चुन्यातच चित्र काढायला सांगा. विरवलेला चुना गाळून दुधाइतका पातळ करायचा. त्यात कोरड्या चुन्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के रंगद्रव्य : गेरू, पिवडी (पिवळी माती), काळं ऑक्साइड, हिरवं क्रोम ऑक्साइड. रंगद्रव्य आधी पाण्यात भिजवून घोटा, नाहीतर भिंतीवर रेघोट्या उठतात. प्रशियन निळा चुन्यात टिकत नाही. भिंत ओलसर करून तीन-चार पातळ हात द्यायचे. ओला चुन्याचा रंग सुकल्यावर बराच फिका होतो, म्हणून आधी कोपऱ्यात नमुना लावून दोन दिवस थांबा. चुना डोळ्यांत गेल्यास इजा होते, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. दगडी जोतं तसंच उघडं राहू द्या. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल, तर हेरिटेज विभागाला विचारूनच पुढे जा.

कसबा पेठेत हर्षवर्धन कदम यांच्या पुढाकाराने पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्टची चित्रं झाली. होकार देण्याआधी तिथल्या गल्ल्यांतून चक्कर मारा आणि जुन्या भिंतींवर रंग कसा राहिला आहे ते डोळ्यांनी बघा.

प्रश्न : कॅफेसाठी पैसे घेऊन भिंत रंगवली, लेखी काही केलं नाही. आता ते माझंच चित्र मगवर छापून विकतात. (कल्याणीनगर)

उत्तर : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. त्यामुळे मगांची विक्री थांबवणं अवघड आहे. कलम ५७ चे हक्क मात्र तुमच्याकडेच राहतात : चित्रकार म्हणून नाव लावून मागणं, आणि चित्राची मोडतोड करून तुमच्या लौकिकाला बाधा आणल्यास दाद मागणं. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या दिल्लीच्या विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच कलमाच्या आधारे पाच लाखांची भरपाई दिली आणि अवशेष परत करायला लावले.

पुढच्या कामाआधी एक पान लिहून सह्या घ्या : कॉपीराइट चित्रकाराचा, कॅफेला फक्त भिंतीवर दाखवण्याचा हक्क, वस्तूंवर छापायचं तर वेगळं मानधन, पुसायचं तर ३० दिवस आधी कळवणं, आणि आगाऊ रक्कम किमान रंगाच्या खर्चाइतकी.

प्रश्न : पोस्टर चिकटवायची खळ चार दिवसांत आंबते आणि कागद सुटतो. (नारायण पेठ)

उत्तर : १०० ग्रॅम मैदा १५० मिली गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, तो उकळत्या अर्ध्या लिटर पाण्यात धार धरून ओता आणि चार-पाच मिनिटं ढवळत शिजवा. चकाकी आली की उतरवा. गार झाल्यावर प्लॅस्टिकच्या बादलीत चिमूटभर मोरचूद पाण्यात विरघळवून घाला, बुरशी आणि किडे दूर राहतात. मोरचूद ॲल्युमिनियमच्या भांड्यात घालू नका, भांडं खातं. ते विष आहे, मुलांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडी जाता कामा नये. कागद ६० ते ७० जीएसएमचा पातळच घ्या. जाड कागद सुकताना आखडतो आणि कडा उचलतात. भिंतीला खळ, मग कागद, मग वरून पुन्हा खळ, आणि मधून कडांकडे हवा काढत ब्रश फिरवा.