जपानीतले ‘जोशी’ आणि मराठीतले प्रत्यय

जपानी शिकायला लागलेल्या नाशिककर वाचकांचे या वेळचे सगळे प्रश्न पार्टिकलांचे आहेत. पार्टिकल म्हणजे आपल्या प्रत्ययासारखा शब्दामागे येऊन त्याचं वाक्यातलं काम दाखवणारा छोटा शब्द. जपानीत या छोट्या शब्दांना ‘जोशी’ म्हणतात. आपल्या जोश्यांशी त्यांचं काही नातं नाही, पण नाम आणि क्रियापदाची पत्रिका तेच जुळवतात!

प्रश्न : ‘ने’ म्हणजे ‘दे’, ‘ला’ म्हणजे ‘नी’ असा तक्ता मी वहीत केला आहे. निम्मी वाक्यं बरोबर येतात, निम्मी चुकतात. तक्ता फाडून टाकू का? (सातपूर)

फाडू नका, दुरुस्त करा. मराठीतला ‘ने’ दोन कामं करतो. ‘बसने जातो’, ‘पेनने लिहितो’ यांतला ‘ने’ साधनाचा, तिथे ‘दे’ बरोबर : बासु दे इकिमास, पेन दे काकिमास. ‘आईने पत्र लिहिलं’ यातला ‘ने’ मात्र भूतकाळामुळे कर्त्याला चिकटलेला आहे. जपानीत काळ बदलला म्हणून कर्त्याचं पार्टिकल बदलत नाही : हाहा वा तेगामी ओ काकिमाशिता. तिथे ‘हाहा दे’ लिहिलंत तर आईचं पेन झालं. शंका आली की वाक्य वर्तमानकाळात आणून बघा. ‘आई पेनने पत्र लिहिते’ : आईचा ‘ने’ गळाला, पेनचा टिकला. टिकला त्यालाच ‘दे’.

‘ला’चंही तसंच. मित्राला भेटतो : तोमोदाची नी आइमास. मित्राला पुस्तक देतो : तोमोदाची नी होन ओ आगेमास. इथवर तक्ता चालतो. पण ‘मित्राला बोलावतो’ हे तोमोदाची ओ योबिमास. मराठीत कर्म माणूस असलं की ‘ला’ लागतो, वस्तू असली की बहुधा लागत नाही. जपानीत दोन्हीकडे ‘ओ’. म्हणून माणसाच्या जागी वस्तू घालून पाहा. ‘मित्राला बोलावतो’, पण ‘रिक्षा बोलावतो’. ‘ला’ गळाला, म्हणजे ‘ओ’.

तिसरा ‘ला’ म्हणजे ‘मला’. ‘मला आंबा आवडतो’ याचं वाताशी वा मांगो गा सुकी देस. इंग्रजीतून शिकणारे इथे हटकून ‘ओ’ घालतात, कारण इंग्रजीत आंबा हे कर्म. मराठीत आवडतो तो आंबाच. त्याला ‘गा’ द्यायचा आणि ‘मला’ला ‘वा’. ‘मला जपानी समजतं’ : निहोंगो गा वाकारिमास. ‘मला पाणी हवंय’ : मिझु गा होशी देस. या जागी मराठीवर खुशाल विसंबा.

प्रश्न : ‘घरात मांजर आहे’ आणि ‘घरात अभ्यास करतो’, दोन्हीकडे ‘घरात’च. मग एकीकडे ‘नी’ आणि दुसरीकडे ‘दे’ का? (पंचवटी)

इथे मराठी मदतीला येत नाही, क्रियापदाकडेच बघावं लागतं. नुसतं असणं, राहणं यांना ‘नी’ : उची नी नेको गा इमास, नाशिक नी सुन्दे इमास. काही करणं, घडणं याला ‘दे’ : उची दे बेन्क्यो शिमास. खरी फसगत होते ती ‘पुण्यात परीक्षा आहे’ या वाक्यात. ‘आहे’ दिसलं की हात ‘नी’कडे जातो, पण बरोबर वाक्य पुने दे शिकेन गा आरिमास. परीक्षा कुठे ठेवलेली नसते, ती होते. ‘आहे’च्या जागी ‘होणार’ घालून बघा. ‘पुण्यात परीक्षा होणार’ जमतं, म्हणून ‘दे’. ‘टेबलावर पुस्तक होणार’ जमत नाही, म्हणून ‘नी’.

काही जोड्या मात्र पाठच करायच्या. ‘काम करणे’ या अर्थाच्या ‘हाताराकु’ला ‘दे’, तर ‘नोकरीला असणे’ या अर्थाच्या ‘त्सुतोमेरु’ला ‘नी’.

प्रश्न : ‘नाशिकरोडला गाडीतून उतरतो’ याचं मी ‘एकी नी देन्शा कारा ओरिमास’ केलं. काय चुकलं? (देवळाली)

‘एकी नी’ चुकलं. उतरण्याची क्रिया स्टेशनावर घडते, म्हणून एकी दे. ‘कारा’ अगदीच चूक नाही, पण वाहनातून उतरण्याला नेहमीचं पार्टिकल ‘ओ’ : नाशिक रोदो एकी दे देन्शा ओ ओरिमास. गाडीत चढायला मात्र ‘नी’ : देन्शा नी नोरिमास. घरातून निघण्यालाही ‘ओ’ : उची ओ देमास. पूल ओलांडणं, बागेत फिरणं यांनाही ‘ओ’च : हाशी ओ वातारिमास, कोएन ओ साम्पो शिमास. मागे टाकायची किंवा पार करायची जागा ‘ओ’ घेते, एवढं धरून चाला.

प्रश्न : ‘वा’ आणि ‘गा’ यांतला फरक एका ओळीत सांगा. (कॉलेज रोड)

एका ओळीत सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सुरुवातीपुरते मराठीतले ‘तर’ आणि ‘च’ कामाला येतात. ‘कोण आलं?’ हे दारे गा किमाशिता का. प्रश्नार्थक शब्दाला ‘वा’ लागत नाही आणि उत्तरातही ‘गा’च राहतो : हाहा गा किमाशिता, म्हणजे ‘आईच आली’. ‘मिसळ तर खातो, पण पाव नाही’ यातला ‘तर’ म्हणजे ‘वा’ : मिसारु वा ताबेमास गा, पान वा ताबेमासेन. (मधला ‘गा’ वेगळा, त्याचा अर्थ ‘पण’. तो क्रियापदामागे येतो, नामामागे नाही.) गोष्टीत ‘एक होता राजा’ म्हणताना राजाला ‘गा’, पुढे ‘तो राजा…’ म्हणताना ‘वा’. आणि ‘ही’ या अर्थाचा ‘मो’ आला की ‘वा’, ‘गा’, ‘ओ’ तिघेही जागा सोडतात. ‘वाताशी वा मो’ असं कधीच होत नाही.

प्रश्न : मोबाइलवर ‘वा’ टाइप केलं की चुकीचं अक्षर येतं. (सिन्नर)

पार्टिकल ‘वा’ लिहितात ‘हा’ या अक्षराने. म्हणून रोमन कीबोर्डवर एच-ए दाबा. दिशेच्या ‘ए’साठी एच-ई, कर्माच्या ‘ओ’साठी डब्ल्यू-ओ.

प्रश्न : डिसेंबरमध्ये एन-५ (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत सोपी पातळी) देणार आहे. पार्टिकलांचा सराव कसा करू? (इंदिरानगर)

क्रियापद एकटं पाठ करू नका. कार्डावर नुसतं ‘आइमास’ न लिहिता ‘नी आइमास’ लिहा; तसंच ‘नी नोरिमास’, ‘ओ ओरिमास’, ‘गा वाकारिमास’. रोज पाच कार्डं पुरतात. वेळेच्या शब्दांची दोन खाती करा. घड्याळ-कॅलेंडरवरच्या वेळेला ‘नी’ : शिचिजी नी, म्हणजे सात वाजता. आजपासून मोजलेल्या वेळेला काही नाही : आशिता, म्हणजे उद्या, राइगेत्सु, म्हणजे पुढच्या महिन्यात. मराठीतला ‘महिन्यात’चा ‘त’ बघून तिथे ‘नी’ चिकटवू नका.

पेपरात चार तुकडे जुळवून ताऱ्याच्या जागी कोणता येतो ते विचारणारे प्रश्न असतात. तिथे आधी शेवटचं क्रियापद बघा आणि मागे मागे या. मराठीसारखंच क्रियापद शेवटी येत असल्याने हे आपल्याला जड जात नाही. उत्तीर्ण व्हायला १८० पैकी ८० गुण लागतात, शिवाय श्रवणात ६० पैकी किमान १९ आणि उरलेल्या १२० पैकी किमान ३८. त्यामुळे तयार केलेली वाक्यं मोठ्याने म्हणा. पार्टिकल आधीच्या शब्दाला जोडूनच उच्चारा आणि थांबायचं असेल तर त्याच्या नंतर थांबा : ‘तोमोदाचीनी… आइमास’. ‘मित्राला’ म्हणताना आपण ‘ला’च्या आधी कुठे थांबतो?