‘फुकट दुरुस्ती’साठी मुदत ठेव मोडावी का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणाऱ्या तुमच्या यजमानांनी तीन महिन्यांपूर्वी इस्तंबूलला वजन कमी करण्याचं स्लीव्ह ऑपरेशन (जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखं अरुंद करणं) करून घेतलं. आता भाकरीचा घासही उतरत नाही, रोज उलट्या होतात. मिरजेत एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून तपासणी) केली तर जठर एका जागी आक्रसल्याचं दिसलं. तिकडचं रुग्णालय म्हणतंय, या, दुरुस्ती फुकट करून देऊ. दोघांचं जाणं-येणं, राहणं धरून अडीच लाख लागतील. ते मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेल्या सहा लाखांच्या एफडीतून काढावेत का, असं तुम्ही विचारलंय.

पैशांआधी एक गोष्ट. सतत उलट्या होत असतील तर शरीरातलं ब१ जीवनसत्त्व कमी पडतं आणि त्याचा थेट मेंदूवर परिणाम होऊ शकतो. याबद्दल डॉक्टरांना आजच विचारा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

माझं मत स्पष्ट आहे: जाऊ नका. असा आक्रसलेला भाग सहसा एंडोस्कोपीतूनच फुगा घालून रुंद करतात. एकदा करून भागेलच असं नाही, थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा करावं लागतं, आणि तरीही जमलं नाही तर जठराचं बायपास ऑपरेशन. म्हणजे हे हेलपाट्यांचं दुखणं आहे. फुकट आहे ते फक्त थिएटरमधलं काम. दर खेपेचं तिकीट, हॉटेल आणि बंद राहिलेल्या पेढीचं नुकसान तुमच्याच माथी. शिवाय धड जेवण न जाणाऱ्या माणसाला इतका लांबचा विमानप्रवास! मिरजेत १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय सुरू झालं, कर्नाटकातून लोक मिरजेला उपचाराला येतात, आणि तुम्ही तर सिटी बसच्या अंतरावर. मात्र लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेला सर्जन शोधा. हवं तर एक मत पुण्यात घ्या.

तुमची आरोग्य पॉलिसी सहा वर्षांची आहे, ती वापरून पाहा. ‘परदेशातलं ऑपरेशन, मिळणार नाही’ असं एजंट तोंडी म्हणाला, त्यावर थांबू नका. आताचा उपचार भारतात होतोय. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च न देण्याचा पॉलिसीतला अपवादही सरसकट नसतो: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त, किंवा ३५ किंवा जास्त आणि सोबत अनियंत्रित मधुमेहासारखा गंभीर आजार, शिवाय डॉक्टरांचा सल्ला, अशा अटी पुऱ्या होत असतील तर तो लागू होत नाही. यजमानांचा बीएमआय ४१ होता, असं तुम्ही लिहिलंय. तेव्हाचे वजनाचे, साखरेचे रिपोर्ट जोडा आणि दावा लेखी करा. दावा मिळेलच असं मी म्हणत नाही. नाकारला तर कारण लेखी घ्या, आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. तिथे फी लागत नाही.

तोवरच्या खर्चासाठी ठेव मोडू नका. त्याच बँकेत तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तशी उचल. ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज पडतं, तेही उचललेल्या रकमेवरच. दीड लाखाची मर्यादा आताच मंजूर करून घ्या. मुलीच्या फीला हात लागणार नाही.

इस्तंबूलच्या रुग्णालयाकडून ऑपरेशनची सविस्तर नोंद आणि डिस्चार्ज समरी इंग्रजीत मागवा, इथल्या सर्जनला ती लागेल. दुरुस्तीऐवजी काही रक्कम परत मिळेल का, हेही ईमेलवर विचारा. ते तयार झाले, तर ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ अशा कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.