मूरिंगच्या बोयाला यॉट बांधली आणि पैसे मागायला कोणीच आलं नाही, तरी पैसे द्यावेत का?

हो, द्यावेत. आणि जमलं तर निघण्याआधीच द्यावेत. घरी पोहोचल्यावर पाठवू म्हटलं की राहून जातं.

तुम्ही पहिल्यांदाच यॉटने लांबच्या सफरीला निघताय. शेजारी नांगर फुकट टाकता येत असताना मूरिंगच्या बोयाला, म्हणजे तळाशी साखळीने जखडलेल्या एका तरंगत्या गोळ्याला, दोर बांधायचे पैसे कशाला, आणि रात्री उशिरा येऊन पहाटे निघून गेलो तर कोणाला कळणार, असं तुम्ही विचारलंय. मी आणि माझा नवरा बरीच वर्षं एका छोट्या यॉटवर फिरतोय. तो सुकाणूवर, मी पुढे नाळेवर आकडीची काठी घेऊन. हा प्रश्न सुरुवातीला आम्हालाही पडला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही पैसे देता ते त्या गोळ्याचे नव्हेत. गोळा हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग. त्याच्या खाली साखळी असते, साखळीत पीळ पडू नये म्हणून स्विव्हल असतो, जोडायला शॅकल, म्हणजे पिनने बंद होणाऱ्या कड्या, असतात आणि तळाशी काँक्रीटचा ठोकळा किंवा जमिनीत फिरवून बसवलेला मोठा स्क्रू असतो. यातला ठोकळा बाहेर बघितला तर फार जड वाटतो, पण पाण्यात त्याचा बराचसा भार हरवतो. एक घनमीटर काँक्रीटचं वजन साधारण 2400 किलो आणि तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचं 1025 किलो, म्हणजे दोन टनांचा ठोकळा तळाशी जेमतेम 1150 किलोचा उरतो. उलट वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 20 नॉट्सचा वारा रात्रीत 40 झाला की बोटीवरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. हा हिशेब करून ठोकळा निवडणं, तो बोटीतून नेऊन नेमक्या जागी सोडणं, सगळं खर्चाचं काम आहे.

पण खरा खर्च त्यानंतरचा. भरती-ओहोटीबरोबर साखळीचा एक भाग सतत तळावर टेकतो आणि पुन्हा उचलला जातो. वाळू त्याला कानशीसारखी घासत राहते. बोटाएवढ्या जाड कड्या काही हंगामांत पेन्सिलीएवढ्या होतात, आणि वरून बघणाऱ्याला गोळा अगदी नव्यासारखा दिसतो. शॅकलची पिन तारेने बांधलेली नसेल तर बोटीच्या हेलकाव्यांनी ती हळूहळू उलगडत जाते. स्टेनलेस स्टील वापरलं की झालं, असं कोणाला वाटेल, पण चिखलात गाडलेल्या, ऑक्सिजन न मिळणाऱ्या स्टेनलेसला फटींत गंज लागतो आणि तो बाहेरून कळतही नाही. म्हणून दर वर्षी कोणीतरी पाणबुड्या खाली उतरवावा लागतो किंवा क्रेनच्या बोटीने सगळं वर उचलून बघावं लागतं. तुमच्या एका रात्रीच्या पैशांतून हे होतं.

नांगर फुकट आणि मूरिंग विकत, यामागे कायद्याचंही कारण आहे. ब्रिटनमध्ये जलप्रवासाचा जो सार्वजनिक हक्क आहे, त्यात प्रवासाच्या ओघात तात्पुरता नांगर टाकणं येतं, तळाला कायमचं मूरिंग घालणं येत नाही. तिथल्या समुद्रतळाचा मोठा भाग क्राउन इस्टेटच्या, म्हणजे राजमुकुटाच्या नावावरची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेच्या, ताब्यात आहे, त्यामुळे मूरिंग घालणाऱ्याला परवानगी आणि भाडं, दोन्ही बघावं लागतं. इतर देशांत नियम वेगळे. काही ठिकाणी नांगर टाकायलाही शुल्क असतं, काही ठिकाणी बंदीच असते. म्हणून निघण्याआधी त्या किनाऱ्याचं पायलट बुक, म्हणजे नाविकांसाठीचं मार्गदर्शक पुस्तक, जरूर वाचा.

बंदीबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. भूमध्य समुद्रात पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत आहे. ते आडवं पसरतं वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर, आणि एक नांगर ओढला गेला की त्याचा मोठा पट्टा उपटून येतो. स्पेनच्या बॅलेरिक बेटांनी 2018 मध्ये या गवतावर नांगर टाकायला मनाई करणारा हुकूम काढला. प्रवाळांचंही तेच. 1981 मध्ये फ्लोरिडातल्या की लार्गोजवळ जॉन हॅलस या जीवशास्त्रज्ञाने तळाच्या खडकात भोक पाडून, त्यात सिमेंटने खुंटी पक्की करून बोया लावायला सुरुवात केली, म्हणजे कोणाला प्रवाळावर नांगर टाकावाच लागू नये. फ्लोरिडा कीजच्या सागरी अभयारण्यातले असे बोये आज फुकट आहेत, जो आधी येईल त्याचे. तिथेही देखभालीला पैसा लागतोच, फक्त तो दुसरीकडून येतो. मी गवताच्या मैदानावर पोहले आहे आणि नांगराने पडलेले उघडे चरही पाहिले आहेत. तेव्हापासून अशा खाडीत बोयाचे पैसे देताना मला कधीच जड गेलं नाही.

पैसे गोळा करायची पद्धत जागोजागी वेगळी. कुठे बंदराचा माणूस संध्याकाळी किंवा सकाळी डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, येतो, कुठे धक्क्यावर पेटी आणि पाकिटं ठेवलेली असतात, कुठे बोयावरच फोन नंबर किंवा क्यूआर कोड असतो. काही बोये किनाऱ्यावरच्या रेस्टॉरंटने घातलेले असतात आणि तिथे जेवलात तर रात्रीचं वेगळं काही द्यावं लागत नाही, पण हे आधी विचारून घ्या, गृहीत धरू नका. दर बहुधा बोटीच्या पूर्ण लांबीवर आणि रात्रीवर असतो. कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची रुंद बोट, असेल तर जास्त. दुपारी दोन तास थांबायला पैसे लागतात का, हेही विचारा. डिंगीतून आलेल्या माणसाकडे ओळख आणि पावती मागायला संकोचू नका. खरा माणूस पावती आनंदाने देतो.

आणि पाहुण्यांसाठीचा बोया कोणता, कोणाचा खासगी कोणता, हे ओळखायला शिका. बोयावर एखाद्या बोटीचं नाव रंगवलेलं असेल तर तो कोणाचा तरी कायमचा आहे. मालक रात्री एक वाजता, थकून, पावसात परत येऊ शकतो. पाहुण्यांच्या बोयावर तसं लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा बोटीचं कमाल वजन किंवा लांबीही दिलेली असते. तो आकडा पाळा. शेजारी दुसरी बोट बांधून घ्यायची असेल तर दोघींचा मिळून भार पडतो, म्हणून परवानगी असल्याशिवाय नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे दिले म्हणजे तपासायची जबाबदारी संपली, असं अजिबात समजू नका. फलकावर बहुधा 'आपल्या जबाबदारीवर वापरावे' असंच असतं. आम्ही एकदा एका खाडीत रीतसर पैसे भरून बांधलं. पाणी नितळ होतं म्हणून मी पोहण्याचा चष्मा लावून खाली गेले, तर गोळ्याखालच्या पहिल्याच शॅकलला तार नव्हती आणि पिन अर्ध्याहून जास्त बाहेर आली होती. त्या रात्री वारा वाढणार होता. आम्ही बोया सोडला, मूरिंगच्या क्षेत्राबाहेर जाऊन नांगर टाकला आणि मालकाला फोन केला. सकाळी तो स्वतः पाना आणि तार घेऊन आला, काम केलं आणि पैसे परत द्यायला लागला. आम्ही ते घेतले नाहीत. कळवल्याबद्दल त्याला वाटलेलं बरं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पाण्यात उतरता येत नसेल तर एवढं तरी करा. बोयाची वरची कडी कधीकधी फक्त गोळा उचलण्यासाठी असते, खरी ताकद खालच्या साखळीत असते, तेव्हा कुठे बांधायचं ते बघून घ्या. दोर कडीतून नुसता ओवून परत आणला तर बोट हलताना तो तिथेच पुढेमागे घासत राहतो आणि सकाळपर्यंत कापला जाऊ शकतो. कडीला पूर्ण वेढा द्या, दोन स्वतंत्र दोर वापरा, बोटीवरच्या दोन वेगळ्या क्लीटवर, म्हणजे दोर अडकवायच्या खुंट्यांवर, बांधा. मग इंजिन हळूहळू रिव्हर्समध्ये वाढवा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघा. रेष सरकत राहिली तर बोया ओढला जातोय. तेव्हा 'पैसे भरलेत' हा विचार मनात आणायचा नाही, निघायचं.

आणि फुकट पडतं म्हणून बोयांच्या मधोमध नांगर टाकू नका. नांगरावरची बोट लांब साखळीमुळे मोठ्या वर्तुळात फिरते, मूरिंगवरची छोट्या. वारा फिरला की रात्री टक्कर ठरलेली.

तुमच्या मूळ शंकेकडे येते, की कोणालाच कळणार नाही. आम्ही दरवर्षी जायचो अशा एका छोट्या बंदरात गावकऱ्यांच्या समितीने घातलेले सहा बोये होते आणि धक्क्यावर एक पेटी. एका वर्षी गेलो तर तीनच उरले होते. पेटी उघडणाऱ्या बाईंनी सांगितलं की बोये उन्हाळाभर रोज भरलेले दिसायचे, पण पेटीत निम्म्या रात्रींचेही पैसे नसायचे, आणि सहांच्या तपासणीचा खर्च निघेना, म्हणून तीन उचलून घेतले. त्या संध्याकाळी आमच्यामागून एक बोट आली, लहान मुलं होती तिच्यावर. तिन्ही बोये भरलेले बघून ती अंधारात पुढच्या खाडीकडे निघून गेली.

तेव्हापासून आमच्या लॉगबुकात बोयाचा नंबर, तारीख आणि पैसे दिले की नाही, असा एक रकाना आहे. पेटी सापडली नाही, फोन लागला नाही, तर पुढच्या बंदरातल्या कार्यालयात विचारते. त्यांना बहुतेक वेळा तो बोया कोणाचा ते माहीत असतं. रकाना रिकामा ठेवून हंगाम संपवायचा नाही, एवढंच आम्ही ठरवलंय.