ऐंशीच्या दारासाठी सगळ्या किल्ल्या नकोत

प्रश्न : सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. कुठल्या मागावर किती माल उतरला याची फोटोसकट नोंद ठेवायला मी नोडमध्ये (जावास्क्रिप्टचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रोग्रॅम लिहिला. तो ऑफिसातल्या जुन्या उबुंटू लिनक्सच्या कॉम्प्युटरवर चालतो. जॉबरकाका (मागांवर देखरेख करणारे) मोबाइलवर पत्ता टाकताना शेवटचा पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर, ३००० हमखास विसरतात, म्हणून जो लिहावा लागत नाही तो पोर्ट ८० केला, तर 'परमिशन डिनाइड' आलं. सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या अधिकाराने, चालला. पण परत ३००० वर साधा चालवला, तर आता फोटो सेव्हच होत नाहीत. मित्र म्हणतो सेटकॅप (प्रोग्रॅमच्या फाइलला एखादाच खास अधिकार देणारी कमांड) वापर. काय करू?

उत्तर : आधी फोटोंचं बघू. त्या फोल्डरची यादी 'एलएस उणे एल'ने काढा. मालकाच्या जागी तुमच्या नावाऐवजी 'रूट' दिसेल. सुडोने चालवलेला प्रोग्रॅम जे फोल्डर बनवतो ते रूटच्या नावावर जातं, मग तिथे तुम्हालाच लिहिता येत नाही. चोन (chown) कमांडने मालकी परत स्वतःकडे घ्या.

आता मूळ अडचण. लिनक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या युजरला उघडता येत नाहीत. हा नियम १९८० च्या दशकातल्या युनिक्सचा. तेव्हा एकेका मशीनवर पुष्कळ जण काम करायचे. खालच्या पोर्टवरून कुणी बोलतंय म्हणजे त्या मशीनच्या रूटची त्याला संमती आहे, असा हिशेब होता. आज दुसऱ्या मशीनवर तेवढा भरवसा कुणी ठेवत नाही, पण एकाच मशीनवर कुणीही उठून ८० बळकावू नये, एवढ्यापुरता नियम अजून उपयोगी आहे.

सुडोचा मार्ग मात्र सोडाच, हे मी कळकळीने सांगतो. चाटी गल्लीतल्या एका कापड दुकानासाठी मीही असाच प्रोग्रॅम रूटने चालवला होता. जुने फोटो पुसणाऱ्या ओळीत फोल्डरचं नाव रिकामं गेलं आणि पुसणं थेट डिस्कच्या सगळ्यात वरच्या फोल्डरपासून सुरू झालं. साधा युजर असता तर पहिल्याच सिस्टिम फाइलला अडला असता. रूटला कोण अडवणार? दिवाळी आठवड्यावर आली होती. दोन रात्री बसून कागदी बिलबुकावरून वर्षाची बिलं परत भरली. दुकानाच्या मालकीणबाई शेजारी बसून एकेक आकडा वाचून दाखवत होत्या.

तुमच्यासाठी माझं उत्तर इंजिनएक्स, म्हणजे बाहेरची मागणी घेऊन आतल्या प्रोग्रॅमकडे देणारा वेब सर्व्हर. प्रोग्रॅम ३००० वरच ठेवा, तुमच्याच युजरने चालवा आणि फक्त १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) वर ऐकू द्या, म्हणजे बाहेरून कुणी थेट शिरणार नाही. ८० वर इंजिनएक्स बसेल आणि आलेली मागणी 'प्रॉक्सी पास' या सेटिंगने आत पाठवेल. त्याची मुख्य प्रोसेस रूटची असते, ती पोर्ट उघडते. लोकांच्या मागण्या हाताळणाऱ्या वर्कर प्रोसेस उबुंटूवर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या बिनअधिकाराच्या युजरने चालतात.

एक गोष्ट आत्ताच करून ठेवा. इंजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठं काही आत घेत नाही, ४१३ ची एरर देतं. मोबाइलचे फोटो सहसा त्याहून मोठे असतात. त्याच्या सेटिंगमधलं 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' १० एमबी करा, नाहीतर फोटो परत अडकतील आणि तुम्ही मालकीच शोधत बसाल.

मित्राचा सेटकॅप चुकीचा नाही. खालचे पोर्ट उघडण्याची तेवढीच परवानगी देतो, बाकी रूटपणा नाही. पण ती परवानगी नोडच्या फाइलला चिकटते, म्हणजे त्या मशीनवर नोडने चालणाऱ्या कुठल्याही स्क्रिप्टला मिळते. शिवाय नोड अपडेट झालं की फाइल बदलते आणि परवानगी जाते. एखाद्या सकाळी पाळी सुरू होताना नोंद बंद पडलेली दिसेल आणि कारण पटकन सुचणार नाही.

सुरू करण्याआधी सुडोने चालवलेला जुना प्रोग्रॅम बंद केलात ना ते बघा. तो ८० धरून बसला असेल तर इंजिनएक्स 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणेल. ती अडचण परवानगीची नाही, तिथे परत सुडो लावू नका.