बांगडीएवढी मुंबई

"पोरं मोठी झाली, आता त्यांना घेऊन फिरायला जायचं म्हणजे डोक्याला ताप." जळगावच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य वर्षातून दोनदा, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर, ठरल्यासारखं ऐकू येतं. खोदून विचारलं की भांडण बहुतेकदा एकाच गोष्टीवर येऊन थांबतं. काय बघायचं यावर घरात कसंबसं जमतं, राहायचं कुठे यावर मात्र घर पेटतं. आईवडिलांना स्वस्त आणि ओळखीचं हवं असतं, आणि मुलांना जिथे 'काहीतरी असतं' तिथे राहायचं असतं. शेवटी मला विचारतात, "शहरात मुलांना घेऊन उतरायला चांगला एरिया कोणता?" मी काही ट्रॅव्हल एजंट नाही. पण गेल्या दसऱ्यानंतर पाचोऱ्याचं एक कुटुंब आलं होतं, तेव्हापासून या प्रश्नाला मी हसत नाही. त्यांना विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.

वडिलांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, थोरला अकरावीत, धाकटी आठवीत. आले होते मोबाइलसाठी. थोरला ताटावर बसला तरी मान वर करत नाही, वडिलांशी 'हं' आणि 'नाही' यापलीकडे बोलत नाही, ही आईची तक्रार. वडील खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "ताई, पोऱ्या ऐकत नही. आते काय करानं?"

पहिली बैठक मी वाया घालवली. रात्री फोन कुठे ठेवता, वायफाय कधी बंद करता, असल्या प्रश्नांत तासभर गेला. दुसऱ्या वेळी धाकटी, जिला मी जवळजवळ काहीच विचारलं नव्हतं, पायाने गालिचाचं टोक दुमडत म्हणाली, "पुण्याला गेलो होतो ना मे मध्ये, तेव्हापासून असं आहे."

पुण्याची गोष्ट अशी. फोनवर बघून वडिलांनी हॉटेल घेतलं होतं. खोली स्वच्छ, दर कमी, पत्त्यात 'पुणे' लिहिलेलं. उतरल्यावर कळलं की हॉटेल बायपासला आहे. पुढ्यात भरधाव हायवे, ओलांडायला जागा नाही, खाली टपरीसुद्धा नाही. शनिवारवाड्याला जायचं तर ट्रॅफिकमध्ये तास-सव्वा तास. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कुणीच कुठे गेलं नाही. दोन्ही मुलं पलंगावर फोन घेऊन पडली. वडिलांचा पारा चढला, "एवढे पैसे घालून इथे फोनच बघायचा होता तर घरी काय वाईट होतं?" थोरला म्हणाला, "मग काय करू? खाली उतरून ट्रक मोजू?"

आणि त्याच्या कानाखाली बसली. चहा घेऊन आलेला हॉटेलचा मुलगा दारात उभा होता. तोही याच्याच वयाचा.

हे सांगताना खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. वडिलांनी हातातली किल्ली तीन वेळा खिशात घातली आणि बाहेर काढली. त्या दिवशी मोबाइलचा विषय मी वहीत खोडून टाकला.

हाच मुलगा पाचोऱ्यात सायकल काढून क्लासला जातो, दुकानाची उधारी आणतो, नदीच्या पुलापलीकडे मित्राकडे रात्री साडेनऊपर्यंत बसतो. शहरात नेलं की तो एकदम पाच वर्षांचा होतो. आईवडील उठवतील तेव्हा उठायचं, गाडीत बसवतील तेव्हा बसायचं, त्यांना भूक लागेल तेव्हा जेवायचं. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलाला आपल्या पायांनी बाहेर पडून आपल्या पायांनी परत यायचं असतं. ती सोय नसलेल्या ठिकाणी खोली घेतली की तो ज्या एका दारातून बाहेर पडू शकतो, ते फोनचंच.

आता भाऊबीज झाली की मुंबई असं ठरत होतं आणि घरात पुन्हा तेच सुरू झालं होतं. वडील म्हणत, कल्याणला साडू राहतो, त्याच्याकडे उतरू. फुकटचं राहणं हा त्यातला लहान भाग. साडूचं घर असताना हॉटेलात उतरलं तर पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात ऐकून घ्यावं लागेल, हा मोठा. आपल्याकडे हे हलकं प्रकरण नाही. आईला दादर हवं होतं, सिद्धिविनायक जवळ म्हणून. थोरल्याला वांद्रे. धाकटी म्हणे, कुठेही चालेल, पण समुद्र पाहिजे.

तिसऱ्या बैठकीला मी मुंबईचा कागदी नकाशा टेबलावर पसरला. फोनवरचा मुद्दाम नाही, कारण फोन एकाच्या हातात राहतो आणि बाकीचे वाकून बघतात. प्रत्येकाला पेन्सिल दिली आणि सांगितलं, एकच सांगा, हॉटेलच्या दारातून पायी निघालो तर पंधरा मिनिटांत काय काय सापडलं पाहिजे? वर्तुळ काढायला काही सापडेना. धाकटीने माझ्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, ही बांगडी देता?" लाखेची जाडशी बांगडी. नकाशाच्या मापाने आत साधारण तेवढंच बसत होतं.

मग ती बांगडी मुंबईभर फिरली. कल्याण नकाशाच्या बाहेरच होतं, ती टेबलाच्या कडेला जाऊन थांबली. कल्याण ते सीएसएमटी सुमारे 54 किलोमीटर. फास्ट लोकललाही तासाच्या वर लागतं, आणि सकाळची ती गाडी म्हणजे ज्यांना रोज जायचं आहे त्यांची. वडील म्हणाले, "म्हणजे पुण्याचंच झालं परत." हे ते स्वतः म्हणाले. मी गप्प बसले.

वांद्र्याला बांगडी स्टेशनवर ठेवली तर त्यात समुद्रकाठचं बँडस्टँड येईना, बँडस्टँडवर ठेवली तर स्टेशन येईना. खोल्यांचे भाव थोरल्यानेच फोनवर काढले आणि फोन उलटा ठेवला. दादर मला स्वतःला आवडतं. मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइन तिथे मिळतात, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात, शिवाजी पार्कच्या बाजूला संध्याकाळी मुलांना मोकळं सोडता येतं. फक्त 'दादर' एवढ्यावर खोली घेऊ नये. स्टेशनलगत पहाटेपासून फुलबाजाराचा आणि भाजीचा गलबला असतो, आणि तिथून शिवाजी पार्क किंवा हिंदू कॉलनीत गेलात तर गाव बदलल्यासारखं वाटतं. विमानतळाजवळ अंधेरी पूर्वेला हॉटेलं पुष्कळ आहेत, पण ती विमान पकडणाऱ्यांसाठी. त्या रस्त्यांवर संध्याकाळी पायी फिरायला मी माझ्या भाच्यालाही पाठवणार नाही.

कुलाब्याच्या बाजूला रीगल सिनेमाजवळ बांगडी ठेवली आणि धाकटी ओरडलीच. गेटवे आत, समुद्र आत, कुलाबा कॉजवेची दुकानं आत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि जहांगीर आर्ट गॅलरीही आत. एलिफंटाच्या लाँचसुद्धा गेटवेवरूनच सुटतात (सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवावं). लोकल मात्र कुलाब्यापर्यंत येत नाही. चर्चगेट किंवा सीएसएमटीपासून टॅक्सी किंवा बस. रिक्षा तर मुंबई शहरात, म्हणजे सायन-माहीमच्या दक्षिणेला, चालतच नाहीत. आणि तिथल्या जुन्या इमारतींमधल्या खोल्या लहान असतात, पैसे मोठे.

दोन खोल्या, चार रात्री, हा हिशेब ऐकून वडिलांनी चष्मा काढून पुसला. खर्च कमी करायचा म्हटलं की लोक लांबचा एरिया घेतात. मी म्हणते रात्र कमी करा. लांब राहून वाचलेले पैसे टॅक्सीत आणि चिडचिडीत जातात. तसाही रब्बीच्या बियाण्याचा सीझन, दुकान चार दिवस बंद ठेवणं वडिलांना अवघडच होतं. तीन रात्रींवर आले.

थोरल्याच्या वांद्र्याचं काय? इथे त्याने स्वतःच एक गोष्ट शोधली. मुंबईची गर्दी सकाळी दक्षिणेकडे येते आणि संध्याकाळी उत्तरेकडे परतते. दक्षिणेला राहणाऱ्याने दुपारी वांद्र्याला जावं आणि सातच्या सुमारास चर्चगेटकडे परत यावं. गर्दी समोरून जाते, आपल्याला बसायला मिळतं. हे सांगताना तो पहिल्यांदा वडिलांकडे बघून बोलत होता. वडील धंद्यातले, त्यांना पटलं. "उलट्या बाजारात माल घ्यायचा," म्हणाले.

आणि साडू? परतीची गाडी कल्याणला थांबतेच. शेवटच्या दुपारी हॉटेल सोडून कल्याणला जायचं, रात्री मुक्काम साडूकडे, सकाळी तिथूनच गाडी. सोबत भरिताची वांगी न्यायची. फोन आईने तिथेच माझ्यासमोर बहिणीला लावला. पलीकडून आधी बराच वेळ शांतता होती, मग "किती वांगी आणतेस?"

एक गोष्ट मी आईवडिलांना मुलांना बाहेर पाठवून सांगितली. या वयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन मोठ्या माणसांपेक्षा उशिरा स्रवतं, आणि झोप लागते आठ ते दहा तास. तेव्हा पहाटे पाचला उठवून दर्शनाला नेण्याचा बेत म्हणजे भांडणाला घातलेलं आमंत्रण. मुलं नऊपर्यंत झोपतील असं धरूनच एरिया निवडा, आणि ते दोन-तीन तास तुम्हाला दोघांना पायी करायला काय आहे तेही बघा. हे कुणी बघत नाही. सगळे मुलांचाच विचार करतात आणि मग सकाळी सहाला उठून खोलीत चहाची वाट बघत कुढत बसतात. आई जरा लाजून म्हणाली, "आम्ही दोघंच फिरायला कधी गेलोच नाही."

हॉटेलला फोन थोरल्याने करायचा असं ठरवलं. प्रश्न मीच लिहून दिले. गल्लीचं नाव काय, रात्री दार किती वाजता बंद होतं, काउंटरला रात्रभर माणूस असतो का, दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर मिळतील का, आठवीतली मुलगी मोठ्या माणसात धरता का. कारण बारा वर्षांवरच्या मुलांचे बऱ्याच ठिकाणी पूर्ण पैसे घेतात. त्या गल्लीचे रात्रीचे फोटो बघायचे, दिवसाचे नाही. आणि आधार कार्ड चौघांची. पाचोऱ्याला परत जाऊन आणता येत नाही.

नियम एकच ठेवला. बांगडीच्या आत मुलांनी सांगून जायचं, विचारून नाही. बांगडीबाहेर जायचं तर विचारून. रात्री नऊला खोलीत.

दुसऱ्या रात्री साडेनऊला माझा फोन वाजला. आई होती. थोरला सांगून खाली गेला होता, आला नव्हता, फोन बंद. वडील शोधायला खाली उतरलेत. मी काय करणार जळगावात बसून? काउंटरच्या माणसाजवळ बसा, खोलीत येरझारा घालू नका, एवढं सांगितलं. खरं तर मीच इकडे येरझारा घालत होते.

पावणेदहाला थोरला आला. चालत मरीन ड्राइव्हवर गेला होता, नकाशा बघता बघता बॅटरी संपली, मग ओव्हल मैदानाच्या कडेने लोकांना विचारत आला. आईला म्हणाला, बांगडीबाहेर गेलो, माझी चूक. आईने काही बोलण्याआधीच धाकटीने विचारलं, "पप्पा कुठे आहेत?"

पप्पांचा फोन खोलीत चार्जिंगला होता. आता तिघं काउंटरसमोरच्या बाकावर बसले. सव्वादहा झाले. थोरला दोनदा उठून गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आला. साडेदहाला वडील आले, चप्पल हातात, अंगठा तुटलेला. मुलाला शोधत कॉजवेवरून भलत्याच दिशेला गेले होते. परत येताना सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसायला लागल्या आणि हॉटेलचं नाव काही केल्या आठवेना. शेवटी टॅक्सीवाल्याला म्हणाले, समुद्राजवळ सोड, तिथून मी ओळखतो.

थोरला हे मला शेवटच्या बैठकीत सांगत होता. वडील समोर बसून पेन उघडबंद करत होते. मी विचारलं, मग काय म्हणालास तू त्यांना?

"म्हटलं, जेवलात का."

"आणि ते?"

वडीलच म्हणाले, "कुठे जेवलो? तिघं माझ्यासाठी थांबलेले. कॉजवेवर एक ठिकाण उघडं होतं. पोऱ्याले रस्ता माहीत होता."

बांगडी अजून धाकटीकडेच आहे. दोन वर्षांनी थोरला पुण्याला इंजिनीअरिंगला जायचं म्हणतो आहे. आई मला फोनवर म्हणाली, खोली बघायला जाताना ती घेऊन जाणार आहोत, चालेल ना? मी म्हटलं, चालेल, पण दुसरी घेऊन द्या, हात ओका दिसतो.