वाचकांचे प्रश्न : बिडाच्या चाकांचे लष्करी इंजिन

प्रश्न : स. न. वि. वि. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकामाच्या कारखान्यांत मी तीस वर्षे काढली. मुलीकडे इंग्लंडला गेलो असता यॉर्कशरमधील कीथली येथे जतन केलेल्या रेल्वेवर एक अवाढव्य काळे वाफेचे इंजिन पाहिले. क्रमांक होता ९०७३३. हे इंजिन मुळात लष्करासाठी बांधले होते आणि त्याची बहुतेक चाके बिडाची आहेत, असे तेथील स्वयंसेवकाने सांगितले. इंजिनाच्या चाकाला पोलाद सोडून बीड का वापरले असावे? आणि युद्धाच्या घाईत बनवलेले हे यंत्र आजवर टिकले कसे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बिडाबद्दलचा प्रश्न कोल्हापूरकराच्याच मनात यावा, याचा आनंद वाटला. दुसऱ्या महायुद्धात पोलादी ओतकाम ही ब्रिटनमधील अतिशय टंचाईची गोष्ट झाली होती, कारण रणगाड्यांपासून तोफांपर्यंत सर्वांनाच ते हवे होते. त्याच वेळी युरोपात सैन्य उतरल्यावर दारूगोळा आणि रसद ओढण्यासाठी शेकडो इंजिने लागणार, हेही स्पष्ट दिसत होते. पुरवठा खात्यातील अभियंता आर. ए. रिडल्स यांनी तेव्हा प्रचलित असलेले ‘८एफ’ हे मालगाडीचे इंजिन समोर ठेवून त्यातील वेळखाऊ आणि महागड्या गोष्टी एकेक करून वगळल्या. निमुळत्या बॉयलरच्या जागी सरळ नळकांड्यासारखा बॉयलर आला, घडीव भागांच्या जागी शक्य तेथे वेल्डिंग केलेले पत्रे आले आणि पोलादी ओतकामाच्या जागी बीड आले.

आता चाकांविषयी. आपण ज्याला बिडाचे चाक म्हणता, त्यात बिडाचा असतो तो आरे आणि तुंब्यासह मधला गाभा. रुळावर फिरते ती त्यावर बसवलेली पोलादी धाव. ती बसवण्याची रीत आपल्या लोहाराने बैलगाडीच्या चाकावर धाव चढवावी तशीच आहे : धावेचा आतील व्यास गाभ्यापेक्षा किंचित कमी ठेवतात, धाव तापवून फुगवतात, गाभा तिच्यात उतरवतात आणि थंड होताना ती आवळून बसते. नंतर हातोडीने ठोकून पाहिले की घट्ट बसलेली धाव घंटेसारखी वाजते, सैल असेल तर बद्द आवाज येतो. बीड दाब उत्तम सोसते, ताण आणि धक्का मात्र कमी सोसते. म्हणूनच मुख्य दांडा ज्या जोडीला फिरवतो त्या जोडीचे गाभे पोलादी ठेवले आणि उरलेल्या जोड्यांना बीड दिले. मालगाडीच्या वेगाला ते पुरेसे ठरले. दट्ट्यांच्या मागे-पुढे होण्याचा तोल साधणारी वजने मात्र या इंजिनांत गाळलेली होती, त्यामुळे वेग वाढला की ती हिसके देत धावत.

१९४३ ते १९४५ या काळात अशी ९३५ इंजिने तयार झाली. त्यांतील ५४५ ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने बांधली, तर ३९० लँकेशरमधील व्हल्कन फाउंड्रीने. (१८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे मार्गावर धावलेली पहिली इंजिनेही याच व्हल्कन फाउंड्रीची होती.) युद्धानंतर त्यांपैकी ७३३ इंजिने ब्रिटिश रेल्वेकडे राहिली आणि त्यांना ९०००० ते ९०७३२ हे क्रमांक मिळाले. केवळ युद्धापुरती म्हणून बनवलेली ही इंजिने पुढे वीस वर्षांहून अधिक काळ कोळसा आणि खनिज ओढत राहिली. शेवटची १९६७ मध्ये निवृत्त झाली. पण दिसायला ओबडधोबड आणि संख्येने भरपूर असल्यामुळे त्यांची कुणाला फारशी माया वाटली नाही, आणि त्या ७३३ पैकी एकही वाचले नाही. सगळी भंगारात गेली, ही गोष्ट मला आजही चटका लावते.

मग ९०७३३ आले कुठून? आपण पाहिलेले इंजिन त्या ७३३ मधले नाहीच. व्हल्कन फाउंड्रीने १९४५ च्या जानेवारीत ते बांधले, तेव्हा त्याचा लष्करी क्रमांक ७९२५७ होता. ते युरोपात गेले, युद्धानंतर नेदरलँड्सच्या रेल्वेत ४४६४ या क्रमांकाने धावले आणि १९५३ मध्ये त्याच्या एका जोडीदारासह स्वीडनने विकत घेतले. स्वीडनची मोठी रेल्वे विजेवर चालणारी. युद्धात वीजपुरवठा तुटला तर हाताशी असावीत म्हणून त्या देशाने निवृत्त वाफेची इंजिने राखीव साठ्यात जपून ठेवली होती. हे इंजिनही तेथे काही वर्षे चालून त्या साठ्यात गेले. एका लष्कराने घडवलेले यंत्र दुसऱ्या देशाच्या युद्धाच्या धास्तीमुळे वाचले आणि १९७३ मध्ये कीथलीला परतले. ब्रिटिश रेल्वेच्या शेवटच्या आकड्यापुढचा आकडा त्याला देण्यात आला, तोच ९०७३३.

स्वीडनमध्ये थंडीसाठी चालकाची केबिन बंदिस्त केली होती आणि इंजिन वळवण्याच्या फिरत्या चक्रीवर मावावे म्हणून टेंडर (मागे जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा) आखूड केले होते. त्या रूपात काही काळ चालवल्यावर जतन करणाऱ्यांनी मूळची उघडी केबिन आणि लांब टेंडर पुन्हा बांधायला घेतले. २००७ मध्ये इंजिन नव्याने रुळावर आले. यात स्वीडनमधील आयुष्याची खूण पुसली गेली, असा आक्षेप घेता येतो आणि तो मला क्षुल्लक वाटत नाही. तरीही ९३५ भावंडांपैकी ब्रिटनमध्ये हे एकच उरले असताना ते मूळ रूपात दिसावे, हाच निर्णय मला योग्य वाटतो.

चालत्या स्थितीत जपणे हे खरे खर्चाचे काम. साखर कारखान्यात गळीत हंगामापूर्वी बॉयलर अग्निप्रदीपन होते, त्याआधी तपासणी, नळ्या आणि क्षारांची सफाई किती चालते हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. तिकडे साधारण दहा वर्षांनी बॉयलर चौकटीवरून उतरवून पूर्ण उघडतात, नळ्या बदलतात, पाण्याच्या दाबाने आणि मग वाफेने पारखतात. थंड इंजिन पेटवतानाही घाई चालत नाही; पत्रे असमान तापले की सांधे गळू लागतात, म्हणून जाळ तासन्‌तास हळूहळू वाढवतात.

प्रश्न : भारतात असे लष्करी इंजिन जपलेले आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आहे. हरियाणातील रेवाडी येथील १८९३ च्या वाफेच्या शेडमध्ये ‘विराट’ हे एडब्ल्यूई वर्गाचे २२९०७ क्रमांकाचे इंजिन आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेपोटी अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यात बांधलेल्या रुंद मार्गाच्या इंजिनांपैकी ते एक. तेथे गेलात तर चाकांच्या मागे वाकून पाहा : ब्रिटिश इंजिनांची चौकट उभ्या जाड पत्र्यांची असते, विराटची जाड पोलादी दांड्यांची आहे. हीच अमेरिकी पद्धत पुढे आपल्या चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्यात तयार झालेल्या डब्ल्यूजी या मालगाडीच्या इंजिनांनी स्वीकारली.