मॅडम, मी आरंभशूर आहे

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा नुसता "मी कराटेचा क्लास लावला होता..." म्हणाला तरी पुढचं मला माहीत असतं. पहिले तीन-चार महिने एकही क्लास चुकत नाही, हौसेने ड्रेस घेतला जातो, घरी आरशासमोर प्रॅक्टिस, रात्री व्हिडिओ बघणं, आणि मग कुठेतरी एक खाडा होतो, दुसरा होतो आणि विषयच बंद. ज्युडो, तायक्वांदो, किकबॉक्सिंग, नाव बदलतं पण गोष्ट तीच. आणि स्वतःबद्दलचं निदानही सगळ्यांचं तेच, माझ्यात शिस्तच नाहीये. गेल्या वर्षभरात ही एकच तक्रार घेऊन इतके जण माझ्याकडे समुपदेशनाला आले (मुलांना घेऊन येणारे आईबाबा धरून) की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि सात-आठ सेशन्समधलं कामाचं तेवढंच घेतलंय.

वय 31, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, मला अरे-तुरे करा, अहो-जाहो केलं की इंटरव्ह्यूला बसल्यासारखं वाटतं." मग फोन काढला आणि आजवर अर्धवट सोडलेल्या गोष्टींची यादीच वाचून दाखवली. जिम, गिटार, पळणं, कराटे, आणि परत कराटे.

"मोटिव्हेशन टिकवायचं कसं एवढंच सांगा."

मी या मोटिव्हेशनच्या मागे सहसा लागत नाही. उत्साह येतो-जातो, पावसासारखा, त्याच्यावर वेळापत्रक बांधता येत नाही. मी आहे विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. आल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने 1955 च्या सुमारास ही पद्धत मांडली, आणि तिचं सार एवढंच की घटनेपेक्षा घटनेबद्दल आपण स्वतःला काय सांगतो त्यावर पुढचं सगळं ठरतं. सेशनमध्ये मी हे बोलून दाखवत नाही, पण प्रश्न मात्र तिथूनच येतात.

"शेवटच्या क्लासनंतर पहिल्यांदा तू गेला नाहीस तो दिवस सांग मला. सकाळपासून सांग."

शेवटच्या क्लासबद्दल लोक भरभरून बोलतात पण पहिल्या खाड्याबद्दल त्यांना कोणी विचारलेलंच नसतं, हा प्रश्न मला बऱ्याच वर्षांच्या कामातून सापडलाय आणि माझा अनुभव आहे की खरी गोष्ट तिथेच दडलेली असते.

तो म्हणाला, मंगळवार होता, ऑफिसमध्ये रिलीज होतं, रात्री नऊपर्यंत अडकलो.

"बरं. मग गुरुवारी?"

तो जरा थांबला. "गुरुवारी मोकळा होतो. गेलो होतो खरं तर. खाली गाडी लावली. वरून जपानीतलं मोजणं ऐकू येत होतं, इच, नी, सान, शी... वॉर्मअप संपून किहोन, म्हणजे मूळ हालचालींचा सराव, सुरू झालेलं. दहा मिनिटं उशीर झाला होता. वाटलं आता मध्येच शिरायचं, सगळे बघणार, सेन्सेई, म्हणजे आमचे सर, विचारणार मंगळवारी कुठे होतास. फिरवली गाडी."

"असं किती वेळा झालं?"

"तीनदा."

मी ते तीनदा कागदावर लिहिलं आणि कागद त्याच्यासमोर ठेवला. ज्याच्यात शिस्त नाही तो घरी लोळत असतो. हा माणूस ऑफिसातून वेळेत निघाला, बॅग उचलली, ट्रॅफिकमधून गाडी काढली, जिन्याखाली उभा राहिला, आणि हे तीनदा केलं! म्हटलं, "जायची शिस्त तुझ्याकडे भरपूर आहे. परत यायची नाहीये. ती कोणी शिकवलेलीच नसते."

"हे दोन वेगळं असतं?"

हो, वेगळंच असतं. मी सुरुवातीची बरीच वर्षं व्यसनमुक्तीच्या कामात होते, तिथे हे रोज बघितलंय. सहा महिने न प्यालेला माणूस एकदा घसरतो, त्या एका दिवसाने होतं त्याच्या दसपट नुकसान दुसऱ्या दिवशीच्या "आता मोडलंच आहे तर जाऊ दे"ने होतं. ॲलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने यावर फार मोलाचं काम करून ठेवलंय. व्यायाम असो, डाएट असो की कराटे, मनाची चाल तीच, एक खाडा झाला की आपण तो खाडा आहे असं म्हणत नाही, मी खाडे करणारा माणूस आहे असं म्हणतो. आणि सवय खरंच इतकी नाजूक असते का? तर नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे एकच नवीन गोष्ट रोज करायला लावून बघितलं होतं. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत निघाला, मधला आकडा 66, म्हणजे ते 21 दिवसांत सवय लागते वगैरे सोडूनच द्या. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता.

हे सगळं त्याला पटलं. मान डोलावली, वहीत लिहून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात परत गेला नाहीच. पटणं आणि होणं यात अंतर असतं, म्हणून मी मान डोलावण्यावर कधी विसंबत नाही. म्हटलं पुढच्या वेळी येताना क्लासची बॅग घेऊन ये.

बॅग आणली. चेन उघडताना जरा लाजला, चार महिन्यांचा बंद वास. ड्रेस काढला आणि मग ग्रीन बेल्ट बाहेर आला, तर त्याला गाठ तशीच होती. म्हणजे शेवटच्या क्लासनंतर त्याने बेल्ट सोडलाच नव्हता, कमरेवरून तसाच खाली ओढून काढला होता आणि बॅगेत कोंबला होता. तो त्या गाठीकडे बघत राहिला, मीही काही बोलले नाही. मग तो ती सोडवायला लागला. नवा बेल्ट कडक असतो, याचा धुऊन धुऊन मऊ पडलेला, गाठ घट्ट आवळलेली, नखं घालून घालून कडा सैल करावी लागली, दोन मिनिटं तरी गेली असतील. सोडवता सोडवताच बोलायला लागला.

ब्राऊन बेल्टच्या परीक्षेत तो नापास झाला होता. योको गेरीला, म्हणजे साइड किकला, तोल जात होता. त्याच परीक्षेत त्याच्याहून वर्षभराने नंतर आलेली दोन मुलं पास झाली. क्लासमध्ये रांग बेल्टप्रमाणे लागते, त्यामुळे पुढच्या क्लासला ती दोघं त्याच्यापुढे उभी. "आणि मॅडम, त्या दोघांना बेल्ट बांधायला मी शिकवलं होतं." तोच त्याचा शेवटचा क्लास. मंगळवारचं रिलीज आपलं निमित्त.

"मला त्यांच्या मागे उभं राहणं सहन होत नाही."

"सहन होत नाही, की आवडत नाही?"

"एकच ना ते?"

"बघ विचार करून."

बराच वेळ गेला. "आवडत नाही. अजिबात आवडत नाही."

"आवडत नसताना किती वेळ उभा राहू शकशील?"

"तासभर राहीन."

"क्लास केवढा असतो?"

तो एकदम हसला. "एक तास."

ही जागा माझ्या कायम लक्षात राहील. मी त्याला नापास होण्याचं वाईट वाटून घेऊ नकोस असं एकदाही म्हटलं नाही. वाईट वाटणारच, वाटायलाच हवं, ज्यासाठी घाम गाळला ते मिळालं नाही. पण "वाईट वाटतंय" आणि "हे मला झेपणार नाही" यांची जी गाठ बसलेली असते ती सुटली की माणूस वाईट वाटत असतानाही जिना चढतो. शिस्त म्हणून ज्याचं कौतुक होतं त्यात मला तरी मुख्य हेच दिसतं, नावडतं थोडा वेळ सोबत घेऊन उभं राहता येणं.

मग आम्ही परत जाण्याचा पहिला दिवस तयार केला, अगदी बारीकसारीक. दहा मिनिटं आधी पोचायचं. सेन्सेईंना एकच वाक्य, "चार महिने आलो नव्हतो, आजपासून येतोय", कारणं द्यायची नाहीत. आणि उशीर झाला तर? तर दाराशी गुडघ्यावर बसायचं आणि सेन्सेईंची खूण झाली की रेई (वाकून नमस्कार) करून मागच्या रांगेत जायचं. हे मी शोधलेलं नाही, उशिरा आलेल्यासाठी बऱ्याच डोजोंमध्ये, म्हणजे कराटेच्या क्लासेसमध्ये, अशीच रीत असते, त्यालाही माहीत होती, फक्त ती आपल्यासाठीसुद्धा आहे हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. असं झालं तर असं करायचं, हे आधीच ठरवून ठेवलं की हातून होण्याची शक्यता चांगलीच वाढते, पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने हे बरंच तपासून दाखवलंय.

तो गेला. सेन्सेई म्हणाले, "ड्रेस आणलायस ना? मग उभा राहा." चार महिने ज्याची धास्ती घेतली ती एवढीच.

इथे एक गोष्ट परत जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवा. खंड पडला की दम आधी जातो, दोन-तीन आठवड्यांतच कमी व्हायला लागतो, पण शिकलेलं तंत्र त्यापेक्षा खूप जास्त टिकतं. म्हणजे पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत धाप लागते आणि आपल्याला वाटतं सगळं विसरलो, प्रत्यक्षात काता (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली) पायांना आठवत असतो, फुप्फुसं मागे पडलेली असतात. आणि उलट चूकही लोक करतात, जुन्या जोरात किक मारायला जातात. स्नायू लवकर तयार होतात, कंडरा आणि सांध्यांना जास्त वेळ लागतो, त्यामुळे पहिले काही आठवडे अर्ध्याच जोराने आणि कुमितेपासून, म्हणजे समोरासमोरच्या लढतीपासून, लांब. थकवा चालेल, सांध्यात टोचणारं दुखणं चालवून घ्यायचं नाही, ते सेन्सेईंना आणि गरज पडली तर डॉक्टरांना सांगायचं.

मग त्या योको गेरीकडे वळलो. मी कराटे शिकलेली नाही, किक कशी मारायची हे मी सांगणार नाही, पण सराव कसा चाललाय हे विचारू शकते. तो घरी रोज शंभर किक मारायचा. जोरात, फास्ट. म्हणजे तीच चूक रोज शंभर वेळा पक्की करत होता. म्हटलं प्रत्येक क्लासनंतर सेन्सेईंना एकच प्रश्न विचारायचा, एकच, आणि त्याचं उत्तर वहीत लिहून पुढच्या क्लासपर्यंत तेवढंच करायचं. पहिलंच उत्तर आलं की उभ्या पायाची टाच फिरत नाहीये, ती समोरच्याकडे वळली पाहिजे, म्हणजे कंबर उघडते. शंभरच्या जागी भिंतीला हात लावून, अगदी हळू, एकेका पायाला दहा. हळू किकमध्ये लपवायला जागा नसते, तोल कुठे जातो ते लगेच कळतं. पहिल्या आठवड्यात वैतागला, म्हणाला मागे जातोय असं वाटतंय.

तेव्हा त्याला गिचिन फुनाकोशींचं सांगितलं. आधुनिक कराटेचे जनक म्हणतात त्यांना, 1922 मध्ये त्यांनी ओकिनावाचं कराटे टोकियोत नेऊन दाखवलं. तरुणपणी ते आपल्या गुरूंच्या, अझातोंच्या, अंगणात रात्री शिकायला जायचे, आणि एकच काता महिनोन् महिने करायला लागायचा, गुरूंचं समाधान होईपर्यंत पुढचा नाही. त्यांनाही ते जड जायचं, अपमान वाटायचा, पण जात राहिले. तो म्हणाला, म्हणजे अपमान वाटणं सिलॅबसमध्येच आहे तर.

एक अजून, जे बहुतेकांना उलटं वाटतं. एकच टेक्निक सलग केलं की त्या दिवशी छान जमल्यासारखं वाटतं, दोन-तीन टेक्निक आलटून पालटून केली की गोंधळ होतो, पण नंतर पक्कं राहतं ते दुसऱ्या प्रकारे केलेलं. 1979 मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हे प्रयोगात दाखवलं होतं. म्हणून टाच फिरायला लागल्यावर त्याने योको गेरी, माए गेरी (समोरची किक) आणि मावाशी गेरी (गोल फिरवून मारायची किक) मिसळून सुरू केलं. आणि झोप. रात्री दोनला झोपून सकाळी सराव करण्यात काही बहादुरी नाही, शिकलेली हालचाल झोपेत मुरते.

आईबाबांना वेगळं सांगते. मूल खाडे करून परत जायला निघालं की दारात "आली का आठवण?" एवढंही म्हणू नका, मुकाट्याने बॅग हातात द्या. आणि परत आलेल्या विद्यार्थ्याला सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलणारे सर असतील तर क्लास बदला, त्यात पळपुटेपणा नाही. कराटेच काय, कशातच मन लागत नाही, झोप-भूक बिघडलीय असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर मात्र प्रश्न शिस्तीचा नाही, तेव्हा वेळ न घालवता एखाद्या तज्ज्ञाला भेटा.

शेवटच्या सेशनला तो वही घेऊन आला होता. पानं उलटताना मला एका जागी तारखांमध्ये मोठं अंतर दिसलं, अकरा दिवसांचं. मी विचारलं, इथे काय झालं होतं?

"कुठे? हां ते... ताप आला होता."

आणि त्याने पान उलटलं. खालच्या नोंदीत लिहिलं होतं, "गुरुवार. उशीर झाला, दाराशी बसलो. मागची रांग. डावी टाच अजून कमी फिरते."